क्लिनिकचं बिलिंग बाहेरच्या कंपनीला द्यायचं आहे, निवड कशी करावी?
दर शेवटी विचारा. आधी विचारा, विमा कंपनीकडून नामंजूर झालेल्या क्लेमचं (म्हणजे उपचारांच्या पैशांच्या मागणीचं) काय करता? क्लेम पहिल्यांदा पाठवणं कोणालाही जमतं. खरी मेहनत असते ती आजाराच्या किंवा उपचाराच्या चुकीच्या कोडमुळे परत आलेला क्लेम दुरुस्त करून मुदतीत पुन्हा पाठवण्यात. वसुलीच्या टक्केवारीवर काम करणारे बऱ्याचदा मोठ्या रकमांच्याच मागे लागतात, छोटे क्लेम पडून राहतात (हे आपणहून कोण सांगणार!). म्हणून ९० दिवसांपेक्षा जुन्या थकबाकीचा अहवाल दरमहा मिळेल, असं करारातच लिहून घ्या. पैसे थेट तुमच्या खात्यात यावेत. आणि करार संपला तर रुग्णांचा डेटा कुठल्या स्वरूपात, किती दिवसांत परत देणार? इथे गोलमोल उत्तर आलं, तर दुसरी कंपनी बघा.