बीफ खात नसताना ब्युनोस आयर्सच्या स्टेकहाउसमध्ये जावं का?

जरूर जा. तुम्ही लिहिलंय की ऑफिसची मंडळी तुम्हाला पारिशामध्ये, म्हणजे निखाऱ्यावर भाजणाऱ्या तिथल्या स्टेकहाउसमध्ये नेणार आहेत, तुम्हाला चिकन-मटण चालतं पण बीफ नाही, आणि नुसत्या सॅलडवर रात्र काढायची धास्ती वाटतेय. तसं होत नाही. फक्त एक आधीच ठरवा: सगळं बहुधा एकाच जाळीवर भाजतात. बीफशेजारी भाजलेलं चिकन चालणार नसेल तर सरळ दुसरीकडे जेवायचं सुचवा.

मी स्वतः बीफ खातो, बायको खात नाही. तरी तिथे बऱ्याचदा तिचंच पान जास्त भरलेलं असायचं.

भट्टी दिसेल अशी जागा मागून घ्या. बाजूला लोखंडी पिंजऱ्यात लाकडं पेटलेली असतात. बऱ्याच ठिकाणी ती केब्राचोची असतात. हे लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. निखारे खाली पडले की भाजणारा माणूस ते ओढून जाळीखाली पसरतो, इथे जास्त, तिथे कमी. मांसाखाली ज्वाळा येऊ देत नाहीत. अनेक जाळ्यांच्या पट्ट्या पन्हळीसारख्या आणि उतरत्या असतात, त्यामुळे चरबी निखाऱ्यांवर न ठिबकता पुढच्या भांड्यात जाते. मसाला म्हणाल तर जाडं मीठ, बस्स. सोबत चिमिचुरी येते: पार्स्ली, लसूण, ओरेगानो, व्हिनेगर, तेल. आपल्या हिशेबाने ती तिखट नाहीच.

सुरुवात प्रोव्होलेताने करा. प्रोव्होलोन चीजचा जाड काप, वरून खरपूस, आत वितळलेला, त्यावर ओरेगानो. आल्या आल्या खा, गार झाला की रबर होतो. मग पोशो, म्हणजे चिकन. हाडाच्या बाजूने सावकाश भाजलेलं, वर लिंबू. कोर्देरो, म्हणजे कोकरू, शहरात सगळीकडे मिळत नाही. त्याची खरी मजा देशाच्या दक्षिणेला, पातागोनियात, अख्खं उलगडून क्रॉसवर ताणतात आणि आगीशेजारी तासन् तास उभं ठेवतात.

आता सांभाळायचं ते. ‘कार्ने नको’ एवढंच म्हणालात तर घोटाळा होईल, कारण तिथे कार्ने म्हणजे सहसा गोमांसच. मग चिकनही नको की काय, हे वेटरला कळत नाही. ‘नो कोमो वाका’, गाय खात नाही, असं स्पष्ट सांगा. चोरिसो सॉसेज मुख्यतः डुकराचं, पण त्यात बीफ मिसळलेलं असू शकतं. मोर्सिशा हे रक्ताचं सॉसेज. एम्पानाडा, म्हणजे तिथली सारण भरलेली करंजी, चीज-कांद्याची घेतलीत तरी तिच्या पारंपरिक पिठात गायीची चरबी असते, तेव्हा विचारून घ्या.

शहराच्या पालेर्मो भागातल्या ‘दोन हुलिओ’ या पारिशाला 2023 मध्ये मिशेलिन स्टार मिळाला, तिथे जायचा आग्रह होईल. पण ते नावाजलेलं बीफसाठी. तुम्ही गल्लीतल्या साध्या पारिशाचं नाव पुढे करा, बिलही हलकं येईल. बिलात माणशी ‘कुबिएर्तो’ लावलेला दिसेल. तो पाव आणि टेबलाचा आकार, टिप नव्हे. टिप साधारण 10 टक्के वेगळी. आणि रात्रीचं जेवण नऊनंतरच सुरू होतं, तेव्हा संध्याकाळी काहीतरी खाऊन निघा. त्या वेळी मेदियालुना, म्हणजे तिथला छोटा क्रोसाँ, घेतलात तर ‘दे मान्तेका’ म्हणा, लोण्याचा. ‘दे ग्रासा’मध्ये पुन्हा चरबीच.