“सोडलं मी त्याला” म्हणजे माफ केलं का?

नाशिकरोडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. आजोबांच्या जमिनीच्या वेळी मामांनी ताईंच्या आईकडून “नुसती सही लागते गं” म्हणून हक्कसोडपत्रावर सही घेतली, आईला खरं कळलं तोवर सातबाऱ्यावरून तिचं नाव कमी पण झालं होतं. आता इतक्या वर्षांनी आई म्हणते, “सोडलं मी त्याला, देवावर सोडलं, त्याची काही योजना असेल.” ताई विचारतायत की ही क्षमा आहे का, आणि असेल तर आई सरळ “माफ केलं” का म्हणत नाही.

ताई, मला वाटतं आईने शब्द अगदी बरोबर निवडलाय.

माफ हा अरबी शब्द, फारसीतून आपल्याकडे आला, आणि आपण तो कुठे वापरतो बघा, शेतसारा माफ, फी माफ, कर्जमाफी. म्हणजे वरच्याने खालच्याला दिलेली सूट. घरात कोणी “जा, माफ केलं तुला” म्हटलं की म्हणणारा लगेच एक पायरी वर जाऊन बसतो, आणि भावाबहिणीत ती पायरी फार बोचते. क्षमा त्याच्या उलट, संस्कृत क्षम् म्हणजे सहन करणं, पेलणं, सक्षम आणि कार्यक्षम मधला क्षम तोच, पृथ्वीलाही क्षमा म्हणतात ते ती सगळं पोटात घेते म्हणून. शब्द सुंदर आहे पण तो पत्रात नाहीतर प्रार्थनेत शोभतो, माहेरच्या ओट्यावर बसून “दादा, मी तुला क्षमा केली” असं कोण म्हणतं? मी तरी कधी ऐकलं नाही.

मग उरतं सोडणं. ह्यात सगळी गंमत विभक्तीची आहे. “त्याचा नाद सोडला” म्हणजे संबंध संपवला, त्यात क्षमा नाही. “त्याला सोडलं” म्हणजे मी त्याला धरून ठेवलं होतं, माझं त्याच्याकडे काही येणं होतं, ती पकड सोडली. आणि “देवावर सोडलं” म्हणजे निवाडा करायचं काम माझ्याकडे होतं ते मी खाली ठेवलं. हे “देव बघून घेईल” पेक्षा फार वेगळं आहे हां, कारण बघून घेईल म्हणताना निकाल आपण आधीच ठरवलेला असतो, देवाने फक्त तो अंमलात आणायचा.

येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना आपण ख्रिस्ती लोक लहानपणापासून म्हणतो पण तिच्यातल्या क्रियापदाकडे लक्ष जात नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात (6:12) आपल्या नेहमीच्या मराठी बायबलात क्षमा हा शब्दच नाही, तिथे ऋण आहे आणि ऋण सोडणं आहे, जसं आम्ही आमच्या ऋण्यांना सोडलं तसं तू आमचं सोड. मूळ ग्रीकमध्येही ॲफिएमि आहे, म्हणजे जाऊ देणं, मोकळं करणं, आणि तिथेही चुकीला ऋणच म्हटलंय. ऋण सोडायचं तर आधी ते होतं हे मान्य करावं लागतं, त्यामुळे “सोडलं” म्हणणारी बाई “काही झालंच नाही” असं म्हणत नसते. मला सगळ्यात जास्त हे लागलं की हक्कसोडपत्रातही सोडच आहे. ती पहिली सोड आईकडून फसवून घेतली गेली, ही दुसरी तिने स्वतः केली, कोणी सही न मागता. आपल्याकडे पूर्वीपासून हातावर पाणी सोडून दान देतात, “त्यावर मी पाणी सोडलं” हे आपण अजून बोलतो, तेच ना हे, आणि नाशिकच्या माणसाला वेगळं सांगायला नको की गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीपाशी पोचलं की ते मागे बोलावता येत नाही.

आता योजना. हा शब्द आईने बहुतेक बायबलमधल्या योसेफाच्या गोष्टीतून घेतलाय. सतरा वर्षांच्या योसेफाला सावत्र भावांनी चांदीच्या वीस तुकड्यांना विकलं, तो मिसरात म्हणजे इजिप्तमध्ये गेला, तुरुंगात पडला, पुढे तिथला मोठा अधिकारी झाला आणि दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला त्याच्यासमोर आले. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्ती 50:20 मध्ये, तो त्यांना जे म्हणतो त्यात हिब्रूत एकच धातू दोनदा आलाय, हाशव, म्हणजे योजणं: तुम्ही वाईट योजलं, देवाने तेच चांगल्यासाठी योजलं. वाईटाला तो वाईटच म्हणतो. आणि हे वाक्य विकला गेलेला माणूस बोलतोय, विकणारे नाही. उद्या मामा म्हणाले की “अगं देवाचीच योजना होती ती”, तर शब्द तेच पण त्यांना ते बोलायचा अधिकार नाही, हे मी ठामपणे म्हणेन.

त्याच अध्यायात भाऊ क्षमा मागतात, योसेफ रडतो, पण “क्षमा केली” असं एकदाही म्हणत नाही. मी काय देवाच्या ठिकाणी आहे? असं विचारतो, आणि मग म्हणतो भिऊ नका, तुम्हाला आणि तुमच्या पोराबाळांना मी पोसेन. भरवसा मात्र त्याने लगेच टाकला नव्हता बरं का, आधी धाकट्याच्या गोणीत चांदीचा प्याला लपवून भावांची पारख केली होती. तेव्हा आईने सोडलं म्हणून पुढच्या कागदावर न वाचता सही करायची गरज नाही, भरवसा हा वेगळा शब्द आहे आणि तो मामांनी कमवायचाय.

तुम्ही प्रश्नात शेवटी सहज लिहिलंय की नाताळला आई अजून मामांच्या नातवंडांसाठी करंज्यांचा डबा पाठवते. “पोराबाळांना पोसेन” ची हीच नाशिकरोडची मराठी असावी. ह्या वर्षी डबा भरताना आई काय बोलते ते जमलं तर ऐका आणि मला कळवा, कुठली विभक्ती वापरते ते मला खरंच जाणून घ्यायचंय.