लॅपटॉपमधला मोडेम लँडलाइनला जोडताना

जुन्या लॅपटॉपच्या कडेला फोनच्या पिनेचं भोक आहे, फॅक्स पाठवण्यासाठी त्यात लँडलाइन थेट लावू का, आणि ऑफिसात लावली तर चालेल का, असं विचारलंय तुम्ही.

घरी चालेल. फक्त भोक नीट बघा. मोडेमचं, म्हणजे फोनलाइनवरून फॅक्स पाठवणाऱ्या भागाचं, आरजे-११ भोक अरुंद, नेटवर्कचं आरजे-४५ रुंद. फोनची पिन रुंद भोकातही शिरते, आणि मग डायल टोन का नाही म्हणून माणूस तासभर मोडेमचं सॉफ्टवेअर (ड्रायव्हर) बदलत बसतो. शिवाय तांब्याच्या लाइनवर एरवी ४८ व्होल्ट डीसी असले, तरी रिंग येते तेव्हा ७५ ते ९० व्होल्ट एसी येतात. नेटवर्कचं पोर्ट त्यासाठी नसतं. रोझेट, म्हणजे भिंतीवरची फोनची डबी, उघडून तारा पिळणार असाल तर हेही लक्षात ठेवा, झटका चांगलाच बसतो.

ऑफिसात जरा थांबा. टेबलावरच्या डिजिटल फोनची वायर काढून मोडेमला लावू नका, मोडेम जळू शकतो. तिथलं फॅक्स मशीन ज्या ॲनालॉग, म्हणजे घरच्यासारख्या साध्या लाइनवर चालतं, तीच मागून घ्या. बाहेरची लाइन शून्य दाबून मिळत असेल तर नंबराआधी शून्य आणि स्वल्पविराम टाका, मोडेम तेवढ्यापुरता दोनेक सेकंद थांबतो.

आता आकाशातली वीज. मे महिन्यातला वळीव, कडकडाट सुरू झाला म्हणून मी कॉम्प्युटरचा प्लग काढला आणि निवांत चहा घेत बसलो. फोनची वायर तशीच! दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू, फोन सुरू, मोडेम गायब. मोडेमचं कार्ड उपसलं तर सॉकेटच्या मागे तुरीच्या डाळीएवढा काळा डाग आणि जळका वास. फोनची तार खांबावरून येते, तिला तुमच्या बटणाशी काय देणंघेणं? लॅपटॉप बॅटरीवर असला तरी तेच. काम झालं की पिन उपसायची, आभाळ भरून येण्याची वाट बघायची नाही.

फोनची सॉकेटं असलेला सर्ज प्रोटेक्टर घ्या, पण आधी वायरमनकडून अर्थिंग तपासा. जादा दाब तो अर्थमध्येच सोडतो, आणि जुन्या घरांत विजेच्या सॉकेटमधलं अर्थिंगचं तिसरं भोक बऱ्याचदा नुसतं शोभेचं असतं.

तुमची लँडलाइन फायबरच्या डब्यातून येत असेल तर खांबावरच्या तांब्याची भीती नाही, पण फॅक्स मध्येच तुटू शकतो. फॅक्सचा वेग ९६०० बिट प्रतिसेकंदावर आणून एकच पान पाठवून बघा.