घरी वाईन पंच करताना साखरेऐवजी गूळ चालेल का?

हो चालतो की, पण खडा थेट वाईनमध्ये टाकू नका, गारव्यात तो नीट विरघळत नाही आणि गाळ तळाशी बसतो. 750 मिली रेड वाईनला 50 ग्रॅम गूळ बास, अर्धा कप पाण्यात दालचिनी न् 3-4 लवंगांबरोबर उकळून गाळा, पूर्ण गार झाल्यावरच मिसळा. कोल्हापुरात दर दिवाळीला मी असंच करतो, नव्या पिवळसर गुळाची चव लई भारी उतरते. सफरचंद, सालीसकट संत्र्याच्या चकत्या, डाळिंबाचे दाणे घालून 4-5 तास फ्रिजमध्ये ठेवायचं, सफरचंदाच्या फोडी कडेनं लालसर झाल्या की मुरलं समजा. सोडा ग्लासात ओततानाच. केळं, सीताफळ नको, पार लगदा होतो. व्हाईट वाईन असेल तर मात्र साखरच घ्या, गुळानं रंग गढूळ होतो.