वाचकांचे प्रश्न : गावाच्या निवांतपणाचं चित्र

प्रश्न : स्मरणचित्राला ‘गावातली सुट्टीची दुपार’ असा विषय दिला, की मुलं पारावरची मंडळी, पत्त्यांचा डाव, विटीदांडू सगळं एका ओळीत मांडतात. डच चित्रकार हेंड्रिक आव्हरकाम्पच्या चित्रांत एवढी गर्दी असूनही प्रत्येक जण वेगळा कसा दिसतो?
— एक कलाशिक्षक, सोलापूर

उत्तर : क्षितिजरेषेमुळे. आपण जमिनीवर उभं राहून पाहतो तेव्हा सपाट मैदानातल्या सगळ्या उभ्या माणसांची डोकी क्षितिजरेषेशीच येतात, म्हणून ओळ होते. आव्हरकाम्पने (१५८५–१६३४) ॲमस्टरडॅमच्या रायक्सम्युझियममधल्या सुमारे १६०८ सालच्या चित्रात जणू माडीवरून पाहिलंय. क्षितिज वर गेलं आणि गोठलेल्या पाण्यावर माणसं पसरायला जागा झाली.

मुलांना हे मापाने शिकवा. ३८ × २८ सेंमीचा कागद आडवा धरून वरून ७ सेंमीवर क्षितिज आखा. नजर तीन पुरुष उंचीवर आहे असं धरलं, तर पाय कुठेही टेकवा, पायांपासून क्षितिजापर्यंतच्या अंतराचा एक तृतीयांश ही त्या माणसाची उंची. अंतर १५ सेंमी असेल तर माणूस ५ सेंमीचा, ३ सेंमी असेल तर १ सेंमीचा. मांडी घालून बसलेला साधारण निम्मा. पारावरच्या माणसाचं अंतर मात्र पाराच्या पायथ्यापासून मोजा. पारावर टेकलेल्या पायांपासून मोजलं तर तो बुटका होतो. मुलं लांबचा माणूस लहान काढतात, पण त्याचे पाय जवळच्याच्या रेषेत ठेवतात. तिथेच चित्र फसतं.

दुसरी अडचण आपल्याकडची आहे. बर्फ फिकट आणि कपडे गडद, म्हणून आव्हरकाम्पची माणसं उठून दिसतात. सोलापूरकडच्या उन्हात जमीनही फिकट आणि धोतर-टोपीही पांढरी. तेव्हा पांढऱ्या कपड्यांतली माणसं कडुनिंबाच्या सावलीपुढे बसवा, गडद इरकल नेसलेल्या बाया उन्हात ठेवा. लांबच्या आकृत्यांना काळी बाह्यरेषा नकोच. जमिनीच्याच रंगात थोडा करडा मिसळला की पुरे.

सगळ्यांना खेळायला लावू नका. डच चित्रकार यान स्टीनच्या लंडनमधल्या नॅशनल गॅलरीतल्या चित्रात खानावळीबाहेर स्किटल्सचा, म्हणजे उभ्या खुंट्या पाडण्याचा, खेळ रंगलाय आणि बाजूला काही जण नुसते बसलेत. त्या बसलेल्यांमुळेच दुपार निवांत वाटते. तीन-चार जणांचे गट करा, गटात एकाने दुसऱ्याला थोडं झाकू द्या, आणि मधे मोकळी जमीन सोडाच.

प्रश्न : चित्रकार ब्रुगेलच्या ‘मुलांचे खेळ’ या चित्रात आपल्याकडचे खेळ सापडतात का?
— एक पालक, अक्कलकोट

उत्तर : सापडतात. १५६० सालचं हे चित्र व्हिएन्नात आहे. त्यात ८० हून जास्त खेळ आहेत. डाव्या कोपऱ्यात खाली दोघीजणी हाडांच्या तुकड्यांनी खेळताहेत, ते थेट आपले सागरगोटे. काठीने चाक पळवणारी मुलंही आहेत. ब्रुगेल मात्र डच नव्हे, फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या, परंपरेतला. त्याचं काम अँटवर्प आणि ब्रसेल्समध्ये झालं.