खुब्याचे दुखणे, सोनोग्राफीचे यंत्र आणि फिजिओथेरपीची पदवी

सप्रेम नमस्कार.

आपली कन्या फिजिओथेरपीच्या अंतिम वर्षाला आहे. परदेशातील फिजिओथेरपिस्ट खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे स्वतः सोनोग्राफी करून तपासतात हे पाहून तिला एखादा छोटा अभ्यासक्रम करून क्लिनिकसाठी लहान यंत्र घ्यायचे आहे, आणि त्यासाठी कर्ज काढावे काय, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर नकारार्थी आहे.

अडचण कायद्याची आहे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी १९९४ साली झालेल्या आणि २००३ साली अधिक कडक केलेल्या केंद्रीय कायद्यानुसार सोनोग्राफीचे यंत्र नोंदणीकृत केंद्रातच ठेवता येते, नोंदणी नसलेल्यास ते विकताही येत नाही, आणि ते चालविण्याची मुभा नियमांत सांगितलेली पात्रता असलेल्या डॉक्टरांनाच आहे. तपासायचा आहे तो खुबा, गर्भ नव्हे, हा युक्तिवाद येथे टिकत नाही, कारण बंधन यंत्राच्या गर्भ दाखविण्याच्या क्षमतेवर आहे. (अभ्यासक्रमांच्या जाहिराती हा मजकूर सहसा छापत नाहीत.) फिजिओथेरपी विभागात उपचारासाठी वापरतात ते अल्ट्रासाउंड निराळे, त्यात चित्र दिसत नाही.

तिची आवड मात्र योग्य जागी आहे. हे दुखणे चाळिशी-साठीतील स्त्रियांत अधिक आढळते. रुग्णाला त्या कुशीवर झोपवत नाही आणि जिना चढताना कळ येते. पूर्वी याला सरसकट बर्सायटिस, म्हणजे हाडावरील द्रवाच्या पिशवीची सूज, म्हणत. आता मुख्य दोष बहुधा ग्लुटिअस मिडिअस व मिनिमस या खुब्याच्या दोन स्नायूंच्या टेंडनमध्ये (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत) असतो, असे मानले जाते. सोनोग्राफीने तपासताना रुग्णाला दुसऱ्या कुशीवर निजवून, मांडीच्या हाडाच्या बाहेरील उंचवट्याच्या पुढच्या पैलूवर मिनिमसचे आणि बाजूच्या पैलूवर मिडिअसचे टेंडन शोधावे लागते. प्रोब (यंत्राचा अंगावर टेकवायचा भाग) किंचित तिरका झाला तरी निरोगी टेंडन काळपट दिसून विकाराचा भास होतो. शिवाय दुखत नसलेल्या खुब्यातही असे बदल दिसतात. म्हणून बोटाने दाबल्यावर नेमके तेथेच दुखते काय, दुखऱ्या बाजूच्या एका पायावर अर्धा मिनिट उभे राहिल्यास कळ येते काय, कंबरेतून किंवा सांध्यातून येणारी वेदना तर नव्हे, हे आधी पाहिल्याशिवाय चित्राला अर्थ येत नाही. ही तपासणी तिच्या अधिकारात आहे.

उपचाराची बाजूही तिच्याकडेच झुकते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत २०४ रुग्ण होते. आठ आठवड्यांनंतर व्यायाम व मार्गदर्शन मिळालेल्यांपैकी सुमारे ७७ टक्क्यांना, तर स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ५८ टक्क्यांना बरे वाटले.

म्हणून माझ्या मते तिने अस्थिस्नायू विषयात पदव्युत्तर पदवी घ्यावी आणि इंटर्नशिपमध्ये परवानगी काढून सांध्यांची सोनोग्राफी करणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडे बसून अहवाल वाचायला शिकावे. प्रोब स्वतःच हाती हवा असेल, तर ब्रिटनमध्ये नियामक मंडळाची नोंदणी घेतलेल्या फिजिओथेरपिस्टना मान्यताप्राप्त पदव्युत्तर सोनोग्राफी अभ्यासक्रम खुले आहेत, परंतु तेथेही देखरेखीखाली बराच सराव करावा लागतो. येथेच तो अधिकार हवा, तर नीटपासून एमबीबीएस आणि पुढे रेडिओलॉजी किंवा नियमांत सांगितलेली अन्य पात्रता, असा नव्याने आरंभ करावा लागेल. पदवी हाताशी आली असताना तो सल्ला मी देणार नाही. कर्ज काढायचेच झाले, तर ते पदव्युत्तर शिक्षणाच्या शुल्कासाठी काढावे.