उठायची वेळ एक ठेव

रात्री दोन चाळीसला तुझा मेसेज आला, मी सकाळी बघितला. "काका, अभ्यास होतोय, मित्रपण आहेत, पण आतून काही वाटतच नाही, आनंदी राहायचं म्हणजे नक्की करायचं काय." सोबत त्या ग्रॅटिट्यूड डायरीचा, म्हणजे रोज कशाबद्दल आभार मानावेसे वाटले ते लिहायच्या वहीचा फोटो, तीन पानं भरलेली आणि पुढं सगळी कोरी. पण मला खटकली ती वेळ. दोन चाळीस!

डायरी राहू दे, वाईट नाही ती. पण आधी उठायची वेळ एक ठेव. झोपायची म्हणत नाहीये मी, उठायची. साडेसहा म्हणजे साडेसहा, रात्री कितीही वाजलेले असोत, आणि रविवारीसुद्धा.

एवढंच का म्हणशील. हो, एवढंच. अकरा वर्षं पेपरच्या रात्रपाळीत काढलीत मी. शहर आवृत्तीचं शेवटचं पान सुटायला दीड वाजायचा, मग चहा, गप्पा, घरी यायला तीन. बेडरूमच्या खिडकीला काळी चादर खिळे मारून ठोकलेली. सुट्टीला दुपारी एकला उठायचो आणि वाटायचं झोप भरून काढली. मुलगी तेव्हा बालवाडीत होती, दप्तर अडकवून दाराशी यायची, फटीतून आत बघायची आणि हिनं ओठांवर बोट ठेवलं की तशीच निघून जायची. मला हे कितीतरी वर्षांनी कळलं. मी तेव्हा थायरॉईड तपास, बी ट्वेल्व्ह तपास करत फिरत होतो, कशात मन नाही म्हणून. शेवटी दिवसपाळी मागून घेतली, रात्रभत्ता गेला, बढती गेली, डोक्यावर लोन असताना असं कोणी करतं का म्हणून घरच्यांनी ऐकवलं. चुकलो नाही मी. आजही तेच करेन.

आणि हे मी मनाचं सांगत नाहीये. 1729 मध्ये द मेरान नावाच्या फ्रेंच माणसानं लाजाळूच्या जातीचं रोप अंधारात ठेवून बघितलं, तरी पानं आपापल्या वेळेला उघडत-मिटत राहिली. घड्याळ आतच असतं. त्या घड्याळाचे जनुक फळमाशीत शोधून ते कसं चालतं हे उलगडलं म्हणून हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं. आपलं घड्याळ सरासरी 24 तासांपेक्षा दहा-बारा मिनिटं जास्त घेतं, म्हणजे सोडून दिलं तर रोज मागं पडत जाणार, आणि त्याला रोज जागेवर आणतो तो मुख्यतः सकाळचा उजेड. खोलीतल्या ट्यूबलाईटचा उजेड फार तर तीन-चारशे लक्स (उजेड मोजायचं माप), गच्चीत ढगाळ सकाळीसुद्धा काही हजार असतो. तुझ्या सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीची खिडकी बोळात उघडते आणि तिथून तू थेट अभ्यासिकेत, तुला ऊन दिसतं कधी सांग? आणि रविवारी साडेअकरापर्यंत लोळलास की पाच तासांचा फरक, म्हणजे शरीरानं जवळजवळ लंडन गाठलं आणि सोमवारी परत पुण्यात आणायचं त्याला. मग मन लागत नाही म्हणतोस.

रात्री वाचलेलं जास्त लक्षात राहतं हे परत सांगू नकोस मला. असेल, प्रत्येकाचं घड्याळ थोडं वेगळं असतं. साडेसहा जमत नसेल तर साडेसात ठेव, पण एक ठेव रे. आणि रात्री नऊची ती कॉफी बंद कर, त्यातलं निम्मं कॅफीन चार-पाच तासांनीही अंगात असतं.

दोन आठवडे नीट करूनही आत असंच सुन्न वाटलं, किंवा नको ते विचार यायला लागले, तर मात्र डॉक्टरकडे जायचं, लाजायचं नाही. नको ते विचार आले तर दोन आठवडेही थांबायचं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 नंबर आहे, मराठीत बोलता येतं. तिथं माझा सल्ला पुरत नाही.

उद्या साडेसहाला गच्चीत जा, तोंड नंतर धू, मोबाईलवर बाकी काही बघू नकोस, तिथूनच मला फोन कर. मेसेज नको, फोन. पावणेआठच्या आधी कर पण, तेव्हा मुलीचा येतो, ऑफिसला निघताना करते ती रोज, आणि तो मी चुकवत नाही.